डावा तुकडा

शनिवार, ४ ऑक्टोबर १९९७

नोटा जमवणाऱ्यांच्या क्लबची बैठक. हजर एकोणीस, त्यातले जागे सात. भाषण माझंच होतं, 'खोटी नोट कशी ओळखावी'. शेवटी मी जरा आवाज चढवून म्हणालो की नोटेवर जे मुळात नव्हतं ते घालणारा माणूस चोरापेक्षा वाईट. मागच्या खुर्चीतून स्यूर्ड म्हणाला, "आणि जे होतं ते काढणारा, वाउटर?" सगळे हसले. त्याचा रोख जुन्या नोटा धुऊन नव्यासारख्या करण्यावर होता. धुतात सगळेच, बोलत कुणी नाही. मीही हसलो.

चहाच्या वेळी एक बाई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, पासष्टीच्या, अंगात निळा रेनकोट. नाव इना बोन्स्त्रा, माहेरच्या लाप्रे, जन्म जावा बेटावर सुराबायाला. पर्समधून त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि पुस्तकातून अर्धी नोट. आपल्या डच अमलातल्या जुन्या जावा बँकेची, पंचवीस गुल्डनची, १९४६ सालची. उजवा तुकडा.

क्लबात कुणाला समजवावं लागलं नाही. मार्च १९५० मध्ये तिथल्या नव्या सरकारने हुकूम काढला होता की पाच गुल्डन आणि वरची प्रत्येक नोट कात्रीने मधोमध कापा. डावा तुकडा अर्ध्या किमतीला बाजारात चालेल, उजवा देऊन सरकारी रोखे घ्या. घरोघर माणसं जेवणाच्या टेबलाशी कात्र्या घेऊन बसली होती म्हणे. उजवे तुकडे अजून कुठे कुठे निघतात. डावे बहुतेक खर्चून गेले. माझ्याकडे एक आहे.

स्यूर्डने लगेच भाव विचारला. बाई म्हणाल्या, "विकायची नाहीये हो. हिचा दुसरा अर्धा कुणी पाहिलाय का, एवढंच विचारायला आले."

"बाई," स्यूर्ड म्हणाला, "त्या बेटावर तेव्हा लाखो नोटा कापल्या गेल्या."

"माहितीये. त्यातली एक मी कापली."

मी नंबर टिपून घेतला. नंबर नोटेच्या दोन्ही टोकांना छापलेला असतो, त्यामुळे तुकड्यांची जोडी ओळखता येते. ट्राममध्ये तोच नंबर पुन्हा पुन्हा वाचत होतो. कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

तोच आहे! तिसरा अल्बम, पान अकरा, डावा तुकडा. सहाही आकडे तेच. भिंगातून चार वेळा ताडून पाहिले. कापल्याची रेघही बोलते, वरून सरळ येऊन खाली किंचित डावीकडे घसरलेली.

अशी जोडी माझ्या ऐकिवात नाही. आलेइट असती तर हाक मारून दाखवली असती. ती म्हणाली असती, "छान हं. आता बटाटे सोल." बायकोला जाऊन दोन वर्षं होतील नाताळात.

बाईंचा तुकडा मिळायला हवा. काय वाटेल ते करून मिळायला हवा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाईंकडे जाऊन आलो. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि आत इतकं गरम की चष्म्यावर वाफ. गेल्या गेल्या भात वाढला. मी म्हणालो, मी फक्त चहा घेईन. "अहो, माहितीये तुम्हा डचांचा चहा! एक बिस्किट द्यायचं आणि लगेच डबा बंद. बसा. माझ्या घरातून उपाशी कुणी जात नाही."

जेवताना सगळं सांगितलं. थोरला भाऊ फेर्डी, तेव्हा एकवीस वर्षांचा. आई आणि इना बोटीने हॉलंडला निघाल्या, फेर्डी म्हणाला मी इथला आहे, इथेच राहणार. वडील नोटा कापत बसले होते, त्यातली एक बहीणभावांनी बाजूला काढली आणि इनाने कापली. उजवा तुकडा तिला, डावा त्याला. "त्याचा तुकडा बाजारात चालत होता हो. तांदूळ आले असते त्यात. पण त्याने ठेवला." धक्क्यावर तो म्हणाला होता, पक्का पत्ता झाला की माझ्या तुकड्याच्या पाठीवर लिहून पाठवीन, आपण येऊन जोडू. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं काही नाही. इकडे यांचं लग्न झालं, आडनाव बदललं, घरं बदलली. शोध घेणाऱ्या संस्थांनाही लिहून झालं.

मी पाकिटातून माझा तुकडा काढून पुढे ठेवला.

बाईंनी हात लावला नाही. आधी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. मग दोन्ही तुकडे शेजारी सरकवले. रेघ रेघेला भिडली. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, तसा मी कुणाचा ऐकलेला नाही.

"मागे? मागे काय लिहिलंय?"

"मागे काही नाही."

त्यांनी उलटून पाहिलं. पाठ स्वच्छ. खिडकीशी नेऊन पाहिलं. मग येऊन खुर्चीत बसल्या. "म्हणजे विकली त्याने. नुसती विकून टाकली."

मी म्हणालो, तसंच काही नसेल. माझ्याकडे कशी आली विचारलं त्यांनी. मी म्हणालो, बऱ्याच वर्षांपूर्वी अॅम्स्टरडॅमच्या एका विक्रेत्याकडे, फुटकळ मालाच्या खोक्यात.

"खोक्यात," त्या म्हणाल्या. मग स्वतःचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "घ्या हीसुद्धा. आता मी कुणासाठी जपू? पैसे नकोत." मी एकदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. फेर्डीने लहानपणी लिहून दिलेल्या कवितांची वहीसुद्धा माझ्या हातात कोंबली, तुमच्या नोंदींना उपयोगी पडेल म्हणून. दारात म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं तो मेला असेल. ते बरं होतं."

जोडी आता माझ्या टेबलावर आहे. संग्रहातली सर्वात मोलाची वस्तू. आज आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. भात जड गेला असेल.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

जोडीची नोंद करायची म्हणून खरेदीची तारीख बघायला १९८३ ची दैनंदिनी काढली. जशीच्या तशी उतरवतो.

'१६ एप्रिल. जावा, पंचवीस, डावा तुकडा. स्वस्तात. कळकट. पाठीवर कुणीतरी जांभळ्या पेन्सिलीने गिचमिड केलेली. धुतली. रंग फार सुटला, तीन पाणी लागली. टीपकागदात दाबून ठेवली. आता नव्यासारखी! आलेइट म्हणते, धुण्याआधी निदान वाचायचं तरी, कुणीतरी कुणालातरी लिहिलं असेल. हिचं आपलं काहीतरीच.'

जोडीची नोंद केली नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काय लिहिलं होतं, आठवत नाही. आठवणार कसं, वाचलंच नव्हतं. पाणी मात्र आठवतं. पांढऱ्या तसराळ्यात जांभळा धूर उठावा तसं अक्षर सुटत होतं, आणि मला ते बघायला आवडलं होतं.

तुकडा खिडकीत तिरपा धरून पाहिला, दाबाच्या खुणा दिसतात का म्हणून. धुतलेल्या नोटेला इस्त्री करताना मी हयगय कधी केलेली नाही. काही उरलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

जेवायला लाल कोबी शिजवला. पाणी ओतायला गेलो आणि मोरीत जांभळं पाणी बघून पातेलं हातातून सुटलं. घोटा भाजला. कोबी गेला.

दिवसभर ओल्या कागदाचा वास येतोय. खिडक्या उघडल्या तरी जात नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

स्यूर्डला सांगितलं. तो आपल्या दुकानात हेरिंग मासा खात होता.

"मग?" म्हणाला. "तोंड मिटून बस. असं उकरत बसलास तर क्लबातल्या निम्म्या नोटा धुऊन टकल्या केलेल्या निघतील."

"बाईंना वाटतंय भावाने विकली."

"विकलीच असेल. भाऊ काय देव असतात? माझा बघ."

"तिच्यावर लिहिलेलं होतं, स्यूर्ड."

"धोब्याचा हिशोब असेल. तू वाचलंस का?"

त्याने कांद्याचे तुकडे बोटाने वेचून खाल्ले आणि मग हळूच म्हणाला, "नाही वाचलंस तू. अरेरे."

एरवी तो कधी अरेरे म्हणत नाही. म्हणून जास्त लागलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

नोंदवहीत धुतलेल्या नोटांसमोर मी बारीक टिंब करत आलोय. आज टिंबं मोजली. दोनशे चौदा. त्यातल्या किती जणींच्या पाठीवर काही होतं? नावं होती, ते आठवतं. एकीवर मुलांच्या उंच्या होत्या, तारखांसकट. मी 'डाग' असं लिहून ठेवलंय.

आता अल्बम उघडला की नोटा पालथ्या निजलेल्या माणसांसारख्या वाटतात. वाटतं, आपण खोलीबाहेर पडलो की यांचं बोलणं सुरू होईल. मी बाहेर पडतो, दार ओढतो आणि दाराशी उभा राहतो. एकसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यभर सरकारी नकाशे काढलेला. कुणी पाहिलं तर काय म्हणेल!

रविवार, २६ ऑक्टोबर

बाईंचा फोन आला. "अहो, एक विचारू? तुमच्याकडे ते दिवे असतात ना, जांभळे की कसले. त्यात एकदा बघाल? रागावू नका हं. रात्री झोप येत नाही. तो असा नव्हता हो."

सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "काहीतरी पुसट दिसतंय खरं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मी केक करते. मंगळवारी, चार तारखेला या. तोवर वाचा."

हे मी काय करून बसलो?

मंगळवार, २८ ऑक्टोबर

जुन्या बाजारातून जांभळी पेन्सिल आणली, ओली झाली की शाई होणारी. फेर्डीची कवितांची वही समोर ठेवून त्याचं अक्षर गिरवलं. डावीकडे कललेलं, टोकदार, सोपं आहे. नकाशांवर तीस वर्षं नावं लिहिलेला हात माझा. सातव्या ओळीपर्यंत मला स्वतःलाच फरक कळेना.

चार ओळी पुरतील. 'इना, तुला विसरलो नाही. तू जाताना मी नीट बोललो नाही, त्याची रुखरुख आहे. दिवा लावून ठेवतो.' असं काहीसं. दिवा कुठून आला कोण जाणे, आपोआप हातून उतरलं. आलेइट इस्पितळात होती तेव्हा मी तिथून उशिरा यायचो आणि आमच्या जिन्यातला दिवा रात्रभर लावून ठेवायचो, वीज वाया गेलेली तिला चालत नसे तरी. असो.

तीन आठवड्यांपूर्वीच्या भाषणात अशा माणसाला मी काय म्हणालो होतो ते या वहीत लिहिलेलं आहे. पुन्हा लिहीत नाही. पण ही चोरी कुणाचं काही नेत नाही, उलट देते. बाईंना झोप लागेल.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज लिहायचं ठरवलं होतं. अडचण एकच. ताजी जांभळी पेन्सिल भडक दिसते. ती ओलावून जुन्या, वापरलेल्या टीपकागदाने टिपली तर अक्षर फिकं पडेल, मुरल्यासारखं दिसेल. नव्या टीपकागदाचे तंतू नोटेला चिकटतात. जुना कुठून आणायचा? मग आठवलं, माझे वापरलेले टीपकागद आलेइट फेकू देत नसे. कपाटांच्या खणांत अंथरायची. काहीही वाया घालवायचं नाही, हा तिचा धर्म.

काट्या-चमच्यांचा खण बाहेर ओढला. गेल्या दोन वर्षांत रोज उघडलाय. चमच्यांचं लाकडी तबक उचललं. खाली टीपकागद होता, त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टाचण्यांनी पक्कं बसवलेलं. आणि मधोमध, अर्ध्या नोटेएवढ्या चौकोनात, जांभळं उलटं अक्षर.

मी खाली बसलो.

बाकीचे खणही पाहिले. सगळीकडे टीपकागद डागाची बाजू खाली करूनच घातलेत, प्लास्टिक कशावर नाही. एवढी टापटिपीची बाई, पण हाच एक कागद चुकून उलटा पडला तिच्या हातून. नशीब म्हणायचं.

दाढीचा आरसा आणला. अक्षर डावीकडे कललेलं, टोकदार. दोनतीन शब्द गेलेत, बाकी लागलं.

'ज्यांच्या हाती ही पडेल त्यांस. माझी बहीण इना लाप्रे १९५० साली बोटीने हॉलंडला गेली. हिचा उजवा अर्धा तिच्यापाशी आहे. तिला सांगा, फेर्डी जिवंत आहे. लावांग, स्टेशनामागची गल्ली, घर अकरा. आपण कोण ते मला ठाऊक नाही. पण नोट नेणारा म्हणतो, तिकडे अशा नोटा जिवापाड जपणारे लोक आहेत. म्हणून विश्वासाने लिहितो. फे. लाप्रे, २ फेब्रुवारी १९८३.'

रविवार, २ नोव्हेंबर

फेब्रुवारीत त्याने लिहिलं, एप्रिलमध्ये मी धुतलं. अकरा आठवडेसुद्धा झाले नव्हते. तो तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. मी वाचलं असतं तर एक पत्र टाकायचं होतं, बस. आता तो अडुसष्ट वर्षांचा असेल. असेल तर.

मला वाटत होतं मी बहिणीचं पत्र पुसलं. पत्र बहिणीला नव्हतंच, मला होतं. जिवापाड जपणारे लोक.

लाज वाटते. अशी की आरशाकडे बघवत नाही, आणि तो आरसा तर अजून टेबलावरच आहे.

जांभळी पेन्सिल मोडून टाकली. ओल्या कागदाचा वास आज आला नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अख्खा खणच काढून ट्रामने घेऊन गेलो. कागद सोडवायचा धीर झाला नाही, फाटला तर? समोरच्या बाईने विचारलं, चमचे कुठे गेले? मी म्हणालो, घरी.

दारातच सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, आणि सांगितलं. आधी धुतल्याचं. मग फोनवर खोटं बोलल्याचं. मग पेन्सिलीचं. खोट्या ओळीही पाठ म्हणून दाखवल्या. बाई भिंतीला हात टेकून ऐकत होत्या. दिव्याच्या ओळीशी म्हणाल्या, "हे फेर्डीने लिहिलं नसतं. हे तुम्ही तुमच्या बायकोला लिहिलंय." मी म्हणालो, तसं काही नाही. त्यांनी वाद घातला नाही.

मग खण टेबलावर ठेवला, केक बाजूला सरकवून. त्यांनी पर्समधला पावडरचा आरसा काढला. आरसा लहान, एका वेळी दोन शब्द दिसायचे. मी माझा मोठा पुढे केला, त्यांनी नको म्हणून हात केला. दोन दोन शब्द वाचत गेल्या. 'जिवंत आहे' पाशी त्या तीनदा परतल्या, तेव्हा मी खण धरून ठेवला, जणू त्याने काही झालं असतं.

"विकली नव्हती त्याने," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुम्ही कधी घेतलीत म्हणालात?"

"सोळा एप्रिल, त्र्याऐंशी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मी एक्कावन्नची होते. माझा नवरा होता तेव्हा. तिकिटाचे पैसेही होते." मग एकदम उठून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. "चौदा वर्षं!" त्या ओरडल्या. "चौदा वर्षं तुम्ही याच्यावर चमचे ठेवलेत!"

खाली कुणीतरी छताला काठीने ठोकलं. बाई खाली वाकून त्यालाही काहीतरी ओरडल्या, जावाच्या भाषेत. मग बसल्या, डोळे पुसले, आणि केक कापला. खरंच कापला. माझ्यापुढेही ठेवला.

मी जोडी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, दोन्ही तुमच्या. पत्र आजच पाठवू या, हवं तर मी लिहून देतो, तुम्ही सही करा.

"माझं मी नंतर लिहीन," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही."

"मी काय लिहू?"

"ते मला काय विचारता? त्याने तुम्हाला लिहिलंय. मोठ्या माणसाने पत्र लिहिलं तर उत्तर द्यायचं असतं, एवढं तुमच्या आईने शिकवलं असेल ना?"

"पण तो आता नसेल तर?"

"तर उघडेल कुणीतरी. निदान वाचेल तरी."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवसांत अकरा कागद फाडले. कारणं लिहिली, ती खोटी वाटली. क्षमा मागितली, ती स्वतःचीच कीव केल्यासारखी वाटली. शेवटी खणाच्या रिकाम्या भोकासमोर, स्वयंपाकघरात बसलो. चमचे ओट्यावर पसरलेत. आलेइटला चाललं नसतं.

बाराव्या कागदावर, माझ्याच अक्षरात:

'श्री. लाप्रे, आपलं पत्र मला एप्रिल १९८३ मध्ये मिळालं. ते मी परवा वाचलं.'